भट्टीवाला दारात येण्याआधी

दिवाळी सरते, भात झोडून होते, पेंढ्याची उडवी रचली जाते आणि खाचरे उघडी पडतात. नेमक्या याच दिवसांत कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतल्या गावांत एक ओळखीचा पाहुणा येतो. मोटारसायकल अंगणात लावतो, ओटीवर टेकतो, तांब्याभर पाणी पितो, यंदा पीक कसे उतरले त्याची चौकशी करतो. मग हळूच विषय काढतो.

"काका, खालचं खाचर आता मोकळंच आहे ना? वरची फूटभर माती द्या. पैसे रोख. पावसाच्या आधी जागा साफ करून देतो. भात काय, पुढल्या वर्षी पुन्हा आहेच की!"

हा पाहुणा म्हणजे वीटभट्टीवाला. त्याला वाईट माणूस ठरवण्याचे काही कारण नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारती ज्या विटांवर उभ्या राहिल्या त्यांतल्या कितीतरी विटा आपल्याच खाचरांच्या मातीच्या आहेत. आणि तो रोख पैसे देतो हेही खरे. घरात मुलीचे लग्न असते, कोणाचे आजारपण असते, कॉलेजची फी भरायची असते. भाताच्या एका हंगामात हाती जे उरते त्याच्यापुढे मातीचे पैसे मोठे दिसतात. तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचे ते तुमच्या घरानेच ठरवायचे आहे. पण उत्तर देण्याआधी एक हिशेब मांडून पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

वरच्या सहा इंचांचा हिशेब

भट्टीवाला ब्रासमध्ये बोलतो, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावरची एक फूट माती काढली की १०८९ घनफूट माती निघते. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे गुंठ्याला जवळजवळ अकरा ब्रास. एकराला चारशे पस्तीस ब्रास. हा आकडा भट्टीवाल्याला तोंडपाठ असतो. आपल्यालाही पाठ असावा, कारण पुष्कळ ठिकाणी सौदा अंदाजाने, 'या बांधापासून त्या बांधापर्यंत' असा होतो आणि किती माती गेली ते मालकाला शेवटपर्यंत कळत नाही.

आता दुसरा हिशेब, जो भट्टीवाला करीत नाही. एका एकराची वरची सहा इंच माती वजनाने साधारण नऊ लाख किलो भरते. कोकणच्या भातखाचरात सेंद्रिय कर्ब शेकडा एकच्या आसपास धरला तर या मातीत नऊ हजार किलो कर्ब झाला. मातीतला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण ठरलेले असते. दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र. म्हणजे एका एकराच्या सहा इंचांत सुमारे आठशे किलो नत्र साठलेले आहे. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र असते वीस किलोंच्या थोडे वर. करा भागाकार! अडतीस-एकोणचाळीस गोण्या युरियाइतके नत्र त्या मातीबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जाते. तेच शेणखताने भरून काढायचे म्हटले तर चांगल्या कुजलेल्या खताच्या टनात नत्र पाच किलोच्या आसपास, म्हणून एकराला दीडशे टनांच्या वर खत लागेल. बैलगाडीत अर्धा टन धरला तरी तीनशेवर गाड्या झाल्या. आणि हे फक्त नत्राचे. स्फुरद, पालाश, गंधक, जस्त यांची मोजदाद यात धरलेलीच नाही.

कोणी म्हणेल, एवढे नत्र जमिनीत आहे तर मग आम्ही दरवर्षी युरिया कशाला टाकतो? प्रश्न रास्त आहे. हे नत्र सुटे नसते, कुजलेल्या पालापाचोळ्यात, मुळ्यांत, जिवाणूंच्या शरीरात बांधलेले असते. त्यातले वर्षाला शेकडा दोन-तीन भागच सुटतात आणि पिकाला मिळतात. आठशे किलो हे मुद्दल समजा. त्याचे वर्षाचे व्याज सोळा ते चोवीस किलो. एकरी पंधरा क्विंटल भात देणारे पीक दाण्यातून आणि पेंढ्यातून मिळून पंचवीस-तीस किलो नत्र उचलते. म्हणजे भाताच्या गरजेचा मोठा हिस्सा हे व्याजच भागवत आले आहे. वरून आपण टाकतो ती भर. भट्टीला माती गेली की व्याज नाही, मुद्दल जाते.

मातीखालच्या थरात असे मुद्दल नसते का? थोडे असते, पण जसजसे खाली जावे तसतसा कर्ब उतरत जातो. आपल्याकडे तर दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी खाचर खोदून दिल्यावरच ध्यानात येते. वर्षानुवर्षे चिखलणी करून नांगराच्या खाली एक घट्ट थर बसलेला असतो. त्याच्यामुळेच खाचरात पाणी तुंबते. फूटभर माती काढली की तो थरही निघून जातो. मग कुठे पाणी ठरत नाही, तर कुठे खाचर शेजारच्या शेतापेक्षा खोल गेल्यामुळे सगळ्या शिवाराचे पाणी तिथेच येऊन साचते. वरच्या शेजाऱ्याचा बांध पाया सुटून ढासळतो, त्याची मळी तुमच्या खड्ड्यात उतरते आणि दोन घरांत बोलणे बंद होते. अशी भांडणे तालुक्याच्या कचेरीत कमी नाहीत.

ही माती आली कुठून?

इतके नत्र या खाचरात साठले कसे, हे समजून घ्यायला आपल्या आजोबांच्या शेतीकडे पाहावे लागते. ठाणे जिल्ह्यातली भातशेती कधीच एकट्या खाचरावर चालली नाही. खाचराच्या जोडीला वरकस जमीन असे. उतारावरची, दगडगोट्यांची, ऐन-किंजळाच्या झाडांची आणि गवताची. सातबाऱ्यावर 'वरकस' हा शब्द आजही तुम्हाला दिसेल. शहरातून आलेल्या माणसाला तो शब्द 'पडीक' या अर्थाचा वाटतो. तसा तो नाही. वरकस म्हणजे खाचराला राब पुरवणारी जमीन.

राबाची रीत वाचकांपैकी जुन्या मंडळींना सांगायला नको, पण घरातल्या पोरांना वाचून दाखवावी. थंडीच्या दिवसांत ऐनाची कवळे तोडायची, ती वाळवायची. आवणाच्या जागेवर शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा आणि सर्वांत वर बारीक माती. उन्हाळ्याच्या अखेरीस, वारा पडलेला पाहून, एका कडेने पेटवून द्यायचे. ज्वाळा उठू द्यायची नाही, धुमसत ठेवायचे. मग त्या भाजलेल्या जागेत आवण पेरायचे.

हा राब इतका महत्त्वाचा होता की त्यावरून सरकारशी वाद झाला. इंग्रज सरकारच्या जंगल खात्याने एकोणिसाव्या शतकात झाडे छाटण्यावर निर्बंध घातले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई सरकारला १८८५ साली त्याच्या चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी १९१२ साली राबावर शास्त्रीय निबंधच लिहिला. शिकलेली मंडळी राबाला अडाणीपणा समजत होती त्या काळात त्यांनी त्याच्याकडे प्रयोगाच्या नजरेने पाहिले, हे मला विशेष वाटते.

राबाने नेमके काय होते? राखेतून पालाश, चुना आणि थोडा स्फुरद मिळतो. माती तापल्याने तणाचे बी मरते. तापलेल्या मातीतून नत्रही सुटे होते आणि रोपाला लगेच लागू पडते. म्हणून राबावरचे आवण काळेभोर आणि जोमदार दिसते. पण राबाचा तोटाही सांगितला पाहिजे. कवळात आणि शेणात असलेले नत्र आणि गंधक बहुतेक धुरावाटे निघून जाते. ज्या शेणाने खाचराचे मुद्दल वाढले असते ते आपण चार गुंठ्यांच्या आवणासाठी जाळून टाकतो.

तरीही सगळे मिळून पाहिले तर व्यवहार खाचराच्या फायद्याचाच होता. वरकसावरचे गवत गुरे खात, संध्याकाळी गोठ्यात येत, त्यांचे शेण खाचरात जाई. डोंगरावरून पावसाच्या पाण्याबरोबर आलेली मळी बांध अडवून धरीत. उभ्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ वाढे, तेही हवेतले नत्र पकडून देई. अशा रीतीने डोंगराचे अन्न पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत गेले आणि खाचरात साठले. भट्टीवाला जी माती मागतो ती ही. ती एका शेताची नाही, एका शेताची आणि त्याच्या वरच्या तीन-चार शेतांएवढ्या माळाची आहे.

मग हा व्यवहार उलटा फिरला. मुंबई आणि ठाण्याचे तबेले वाढले, त्यांना गवत आणि पेंढा हवा झाला. वरकसावरचे गवत कापून गाठी बांधून ट्रकमध्ये जाऊ लागले. पेंढाही गेला. तबेल्यातले शेण काही त्याच ट्रकने परत आले नाही! पेंढा विकताना आपण समजतो की दाणा घरात आला, काडी विकली. वास्तविक भाताने जमिनीतून उचललेल्या पालाशाचा पाचातला चार भाग दाण्यात नसतो, पेंढ्यात असतो. एका एकराचा दीड टन पेंढा विकला की पाऊण ते एक गोणी म्युरेट ऑफ पोटॅश एवढा पालाश गावाबाहेर गेला. भाताचा तूससुद्धा भट्टीवर जळायला जातो आणि त्याच्याबरोबर जाते ती सिलिका, जी भाताच्या काडीला ताठपणा देते. ज्याच्या शेतात भात लवकर लोळते त्याने खताच्या दुकानात जाण्याआधी आपला पेंढा आणि तूस कुठे जातो ते एकदा पाहावे.

पडीक, भराव आणि खारे पाणी

माती विकली नाही म्हणजे सगळे ठीक झाले असे नाही. आपल्या भागात आज सर्वांत जास्त दिसते ती वाट पाहणारी जमीन. रस्ता येणार आहे, प्रकल्प येणार आहे, बिल्डर येणार आहे. कल्याणजवळच्या २७ गावांचेच पाहा. १९८३ साली ती महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत गेली. तीस-बत्तीस वर्षे 'आता शेती कशाला करायची' आणि 'आता काय करायचे' यांच्या मध्ये लोक अडकून राहिले.

पडीक ठेवल्याने जमिनीतली अन्नद्रव्ये संपतात असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. गवत वाढले, मेले, तिथेच कुजले तर कर्ब उलट थोडा वाढतोच. पण आपल्याकडचे पडीक खाचर असे सुखाने राहत नाही. बांध कोणी बांधत नाही, तो एका पावसात फुटतो आणि मळी नाल्यात जाते. मार्चमध्ये कोणी तरी गवताला काडी लावतो, वणवा पसरतो, नत्र धुरात जाते आणि राख पहिल्या पावसात वाहून जाते. आणि मग एके रात्री डंपर येतो. शहरातल्या पाडलेल्या इमारतींचे डेब्रिज रिकाम्या खाचरात ओतले जाते. पुष्कळदा मालकाला सकाळी कळते. त्या सिमेंट-चुन्याने मातीचा सामू चढतो आणि लोह, जस्त, स्फुरद मातीत असूनही पिकाला मिळेनासे होतात. लोखंडाच्या सळया आणि काचा वेगळ्याच. भराव पडलेल्या जागेत नांगर चालवून पाहिलेल्यांना त्याचे वर्णन नको.

खाडीकाठचे दुःख निराळे. दिवा, कोपर, ठाकुर्ली, मुंब्र्याच्या बाजूला उल्हास खाडीलगत जुन्या लोकांनी बांध घालून खारजमीन भाताखाली आणली होती. १९४८ साली त्यासाठी खारजमिनींचा खास कायदा झाला, १९७९ साली दुसरा झाला. बांध शाबूत असेल तर पावसाळ्यात गोडे पाणी मीठ धुऊन नेते आणि काळा रत्तासारखे खारे सोसणारे भात तिथे येते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी पनवेल-१, २, ३ या जाती दिल्या. पण कसणारे हात कमी झाले की बांधाची डागडुजी थांबते. भरतीचे पाणी एकदा आत आले की मिठातला सोडियम मातीच्या कणांवरचे कॅल्शियम आणि पालाश हुसकून देतो, माती घट्ट होऊन बसते, पाणी मुरत नाही. एकाने आपला बांध सोडला तर मागच्या दहा जणांची शेते खारी होतात. इथे जमीन कशी वापरायची हा एकट्याचा प्रश्न राहतच नाही.

नाल्याच्या पाण्यावरच्या भाजीविषयीही दोन शब्द. रेल्वेच्या कडेला आणि नाल्याकाठी पिकणारा माठ, पालक, भेंडी लोकलमधून सर्वांनी पाहिलेली आहे. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असतो, म्हणून पाला हिरवागार येतो. पण जिथे कारखान्यांचे पाणी मिसळते, वालधुनी नदीसारखे, तिथे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही मातीत येतात. नत्र पीक खाऊन टाकते, धातू मात्र मातीत वर्षानुवर्षे साठत राहतात आणि पालेभाजी ते जास्त उचलते. असे पाणी घरच्या वाफ्याला तरी देऊ नये.

भात काढून भाजी केली तर?

शहर जवळ आल्याने आपल्यातले पुष्कळ जण भाताच्या मागून किंवा भाताऐवजी भेंडी, काकडी, झेंडू करू लागले आहेत. पैसा चांगला मिळतो. पण 'भाताला एवढे खत पुरत होते, भाजीला का पुरत नाही?' असा प्रश्न मग पडतो. त्याचे कारण पाण्यात आहे. आपल्या तांबूस मातीत लोह फार आणि स्फुरद त्या लोहाला चिकटून बसतो. खाचरात पाणी उभे राहिले की मातीतली हवा तुटते, लोह विरघळते आणि स्फुरद सुटा होऊन भाताला मिळतो. आम्लधर्मी मातीचा सामूही उभ्या पाण्यात सुधारतो. म्हणून भात स्फुरदावाचून फारसे अडत नाही. तेच खाचर सुकवून भाजी लावली की लोह पुन्हा स्फुरदाला धरून बसते. माती तीच, मालक तोच, खताची गरज मात्र बदलली. तेव्हा वर्षाचा स्फुरद देताना त्यातला मोठा वाटा रब्बीच्या पिकाला द्यावा, भाताला त्याचा उरलेला लाभ मिळतोच.

रब्बीचे म्हटल्यावर वालाची आठवण येणारच. भात कापले की ओलीवर वाल पेरायचा, न पाणी न खत, आणि माघ-फाल्गुनात पोपटी लावायची. ही काही नुसती जिभेची चैन नव्हती. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र पकडतात आणि मुळे, पाला जमिनीत राहिला की पुढच्या भाताला त्याचा उपयोग होतो. आज वाल कमी का झाला? विचारले तर दहातले आठ जण सांगतील, मोकाट गुरे. सगळ्या शिवारात एकट्यानेच पेरले तर ते राखायचे कोणी? वालाचे हे नत्र परत आणायचे तर ते कृषी खात्याच्या हातात कमी आणि गावकीच्या हातात जास्त आहे. दिवाळीनंतर गुरे सोडायची नाहीत असे पूर्वी गावाने मिळून ठरत असे, तसे पुन्हा ठरवता येते.

आता करण्यासारख्या ज्या गोष्टी आहेत त्यांपैकी मला सर्वांत पटलेली म्हणजे चारसूत्री. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणच्याच भातशेतीसाठी ती बसवली. तुसाची राख आवणाच्या वाफ्यात घालायची आणि पेंढा शक्य तेवढा खाचरात गाडायचा, हे पहिले सूत्र. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत तुडवायचा, हे दुसरे. दोरीवर नियंत्रित लावणी, हे तिसरे. आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोल खोचायची, हे चौथे. उभ्या पाण्यावर फेकलेला युरिया निम्मा तरी वाया जातो, गोळी चिखलात दडलेली असल्याने हळूहळू लागू पडते. गिरिपुष्प तर बांधावर फांद्या खोचल्या तरी जगते, गुरे त्याला फारसे तोंड लावीत नाहीत. शंभर किलो ओल्या पाल्यातून अर्धा ते पाऊण किलो नत्र मिळते. ऐनाची कवळे तोडून वरकस उघडे करण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

दुसरी वाट नेरळची. कर्जत लाईनवर नेरळला श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभे केले. गादीवाफे एकदाच करायचे, पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवण नाही, लावणी नाही. भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यांवर पुढे वाल, हरभरा घ्यायचा. माती न उलथल्याने कर्ब टिकतो आणि चिखलणीत होणारी धूप थांबते, हा त्यातला गाभा. तणाचा बंदोबस्त मात्र वेळेवर जमला पाहिजे, नाहीतर पहिल्याच वर्षी माणूस कंटाळतो. ज्यांना रस आहे त्यांनी लेखावर विसंबू नये, लोकल पकडून प्रत्यक्ष पाहून यावे. कर्जतचे भात संशोधन केंद्रही त्याच वाटेवर आहे.

घरातल्या बायांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. गॅस आल्यापासून गोवऱ्या थापणे कमी झाले, ते शेण वाचले. पण पुष्कळ घरी ते उकिरड्यावर उघडे पडून पावसात धुऊन जाते आणि त्यातले नत्र-पालाश गटारात. खड्डा करून, थरावर थोडी माती टाकून, वरून पेंढ्याचे झाकण केले तर तेच शेण दुप्पट मोलाचे होते. चुलीची राख अजून निघत असेल तर तीही वेगळी कोरडी ठेवावी. परसातल्या दोडक्या-भोपळ्याला पालाश तिथूनच मिळतो.

आणि माती द्यायचीच वेळ आली तर

अडचण माणसाला विचारून येत नाही. माती देण्यावाचून इलाज नाही असे झाले तर निदान चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, परवानगी. माती हे गौण खनिज आहे, ती काढायला महसूल खात्याची परवानगी लागते आणि स्वामित्वधन भरावे लागते. 'आम्ही बघतो' या शब्दावर राहू नये, कागद स्वतः पाहावा, कारण पुढे नोटीस निघाली तर ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला येऊ शकते. दुसरी, आणि ही सर्वांत मोठी. वरची सहा ते आठ इंच माती आधी काढून बांधाच्या कडेला ढीग करून ठेवायची, भट्टीला खालची द्यायची आणि मग ढीग पुन्हा पसरून घ्यायचा. भट्टीवाला कुरकुर करील, जेसीबीचे दोन तास जास्त लागतील. सौद्यात हे लिहून घ्यावे. विटेला नत्र लागत नाही, तिला चिकणमाती लागते. ती खालीही असते. तिसरी, शेजाऱ्याच्या बांधापासून दोन हात जागा सोडावी. चौथी, खोली मोजून ठरवावी, खुंटी ठोकून.

वीटभट्टीला शेताचीच माती हवी असेही आता राहिलेले नाही. केंद्र सरकारने १९९९ साली औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबद्दल जी अधिसूचना काढली तिचा एक उघड हेतू विटांसाठी जमिनीचा वरचा थर खणला जाऊ नये हाच होता. राखेच्या आणि सिमेंटच्या ठोकळ्यांनी शहरातल्या मोठ्या इमारती आता बांधल्या जात आहेत. लाल विटेची मागणी संपलेली नाही, पण भट्टीवाल्याकडेही दुसरा माल आहे हे घासाघीस करताना ठाऊक असलेले बरे.

ज्यांची माती आधीच गेली आहे त्यांनी हात टेकू नयेत. तलावाचा, बंधाऱ्याचा गाळ आणून पसरावा. २०१७ साली राज्य सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना काढली ती याचसाठी. पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून दीड महिन्याने गाडावा, असे लागोपाठ दोन-तीन वर्षे करावे. पहिल्या वर्षी भात पिवळट आणि खुजे दिसेल, तेव्हा घाबरून युरियाचा मारा करू नये. कर्ब नसलेल्या मातीत युरिया टिकत नाही, आपल्या पावसात तर नाहीच नाही.

शेवटी मातीपरीक्षण. २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळते, पण पुष्कळांच्या पत्रिका डब्यात पडून आहेत आणि काहींचे नमुने तर बांधावरूनच उचललेले असतात. नमुना स्वतः घ्या. भात निघाल्यावर, खत घालण्याआधी, शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खड्डा करा आणि त्याच्या कडेची वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीची माती घ्या. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्यापाशी आणि राब भाजलेल्या जागेवर घेऊ नका, तिथले आकडे खोटे मोठे येतात. सगळी माती घमेल्यात कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा कालवा, असे करीत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. आत चिठ्ठीवर नाव, गट नंबर आणि मागचे पीक लिहा. खालचे खाचर आणि वरचे खाचर यांची पिशवी वेगळी ठेवा. कृषी सहायकाकडे द्या आणि पत्रिका आली की 'सेंद्रिय कर्ब' असे लिहिलेल्या ओळीवर पहिल्यांदा बोट ठेवा. भट्टीवाला दिवाळीनंतर येतो. पिशवी त्याच्या आधी गेलेली असावी.